आप्पांचा गुडघा

फाल्गुन लागला की माझे पाय माझं ऐकत नाहीत. परवा संध्याकाळी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. डोंगराकडच्या कुठल्यातरी वाडीत ढोल वाजला. नुसता तापवून बघत असावेत, दोन टोले आणि गप्प. तेवढ्यानं माझा उजवा पाय वर आला आणि हातातला टॉवेल खाली पडला. समोरच्या इमारतीतली बाई बघत होती, ती हसली. तिला सवय आहे. साठीला टेकलेली ही बाई उभी राहील तिथं पायानं काहीतरी उडवत असते, हे सगळ्या आळीला ठाऊक झालंय.

उडवते ती एक कापडी पिशवी. मुठीत मावेल एवढी, गोल, आत काहीतरी दाणेदार भरलेलं. हात न लावता ती पायावर झेलायची, उडवायची, परत झेलायची. पावलाच्या आतल्या बाजूनं, बाहेरच्या बाजूनं, चवड्यानं, गुडघ्यानं, जमेल तसं. जमिनीला लागू द्यायची नाही, बस. दूरदेशी हिला फुटबॅग म्हणतात. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिचं नाव पुरचुंडी ठेवलं आणि आमच्यात तेच रूढ झालं.

माझ्या पर्समध्ये पैसे नसतील, चष्मा नसेल, पण पुरचुंडी असते. एसटी उशिरा आली म्हणून मी आयुष्यात कधी कुरकुर केलेली नाही. स्टँडच्या कोपऱ्यात हातातलं सामान खाली ठेवायचं, पदर खोचायचा आणि सुरू. पहिल्यांदा लोक बघतात, मग तोंड फिरवतात, मग कुणीतरी एखादा राहवत नाही म्हणून जवळ येतो. तो जवळ आला की त्याच्या पायाकडे हळूच एक उडवायची. नव्वद टक्के माणसं ती हातानं धरायला जातात. मग मी म्हणते, हात खिशात घाला. माझा मुलगा लहानपणी माझ्यापासून दहा पावलं लांब उभा राहायचा, जणू ही बाई त्याची कुणीच नव्हे.

प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. चौतीस वर्षं नोकरी आणि बदल्या. देवरूखच्या वरच्या अंगाला एका वाडीत चार वर्षं होते, तिथं शाळेपुढं सपाट जमीन म्हणून नव्हतीच. पोरी उतारावर गोल करून उभ्या राहायच्या आणि पिशवी पडली की थेट खालच्या शेतात. जी पाडेल तिनं उतरायचं. त्या शाळेतल्या पोरींइतकी पिशवी सांभाळणाऱ्या पोरी मी पुन्हा पाहिल्या नाहीत. दाभोळला होते तेव्हा शेजारी जाळी विणणारी एक बाई राहायची. तिनं माझी फाटकी पिशवी हातात घेऊन उलटीपालटी केली. दुसऱ्या दिवशी जाळ्याच्या दोऱ्यानं विणलेली एक आणून दिली. कापडाची शिवण उसवते, ही उसवणार नाही, म्हणाली. ती पिशवी अकरा वर्षं चालली. शेवटी एका कुत्र्यानं नेली.

या खेळात कोणी जिंकत नाही. पाच जण गोल उभे राहतात, पिशवी वर असते तोवर पाचही जण खूश, पडली की पाचांचीही पडली. शाळेत मुलं विचारायची, बाई, मग पहिला नंबर कोणाचा? मी म्हणायची, कोणाचाच नाही. त्यांना ते जरा विचित्र वाटायचं, मग खेळता खेळता विसरून जायची. मलाही कधी कोणी पहिला नंबर दिला नाही, त्यामुळे माझं काही अडलं नाही.

मात्र पहिली कित्येक वर्षं पिशवी हातात देताना मी एक गोष्ट सांगायची, वडिलांच्या माफीची. ती गोष्ट पुरी नव्हती. आज पुरी सांगते.

तो शिमगा ऐंशीच्या दशकातला, मी दहावीला होते त्या वर्षीचा. आमचं गाव रत्नागिरीहून पावसकडे जाताना लागतं. आप्पा कचेरीत कारकून. घरची आंब्याची दहा-बारा कलमं होती, त्यांच्यावर आप्पांचा पोटच्या पोरांइतका जीव. पण आप्पांची खरी ओळख कारकून म्हणूनही नव्हती आणि बागायतदार म्हणूनही नव्हती. आप्पा पालखी नाचवायचे. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी देवळातून सहाणेवर, म्हणजे गावच्या मोकळ्या चौथऱ्यावर, येते, तिथं ढोल-ताशांवर तिला खांद्यावर घेऊन नाचवतात. नाचवणं म्हणजे काय ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगणं कठीण आहे. देवीचे मुखवटे, चांदी, लाकूड, एवढं सगळं वजन खांद्यावर आणि खाली पाय असे चालतात की पालखी पाण्यातल्या होडीसारखी डुलते. बसकण मारून उठायचं, गिरकी घ्यायची, या खांद्यावरून त्या खांद्यावर द्यायची. सगळी मदार गुडघ्यांवर. पालखी जमिनीला टेकता कामा नये. पुढच्या दांडीला, उजव्या अंगाला आप्पा, हे वीस वर्षं ठरलेलं. मुंबईहून शिमग्याला येणारे चाकरमानी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारायचे, आप्पा आहेत ना यंदा?

आदल्या मे महिन्यात आप्पा कलमावरून पडले. शेवटचे चार आंबे शेंड्याला राहिले होते, झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, येईनात. गडी नको म्हणत होता, हे चढले. उजवा गुडघा मोडला. सारा पावसाळा पाय प्लास्टरमध्ये घालून ओटीवर बसून काढला. श्रावणात प्लास्टर निघालं तर पाय लाकडासारखा ताठ. डॉक्टर म्हणाले, रोज वाकवा, दुखलं तरी वाकवा, नाहीतर जन्मभर असाच राहील. आप्पा हो म्हणाले आणि घरी येऊन खुर्चीवर पाय लांब करून बसले. आईनं तेल चोळलं, शेक दिला, शेवटी चिडून बोलली सुद्धा. पण वाकवायला गेलं की त्यांच्या तोंडावरचा रंगच जायचा. जेवायला पाटावर बसता येईना म्हणून त्यांचं ताट टेबलावर. एकटे जेवायचे. ते बघवत नसे.

दिवाळीत मामा आला. तो बोटीवर खलाशी, दीड-दोन वर्षांनी एकदा रजेवर यायचा. येताना सगळ्यांना साबण, पेनं, चॉकलेटं. त्या वेळी त्याच्या खिशात चामड्याची एक छोटी पिशवी होती. बोटीच्या डेकवर कंटाळा आला की आम्ही हे खेळतो, म्हणाला, आणि अंगणात, आमच्या भाषेत खळ्यात, उभा राहून त्यानं ती पायावर अशी काही नाचवली की मी बघत राहिले. एकदा तर ती चवड्यावर येऊन नुसती थांबली. पडली नाही, उडली नाही, थांबली. मला तेव्हा काय झालं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. मला ते यायलाच हवं होतं, एवढं खरं. महिनाभर मी मामाच्या मागं लागले. आई म्हणायची, पंधरा वर्षांची घोडी, पाय वर करून नाचत्येस, लोक काय म्हणतील! मी भावाची जुनी पँट घालून मागच्या खळ्यात खेळायची. दहावीचं वर्ष होतं, पुस्तकं समोर उघडी ठेवायची म्हणजे आईचं समाधान.

मामा परत गेला, पिशवी घेऊन गेला. मला करमेना. मी आप्पांची जुनी खाकी पँट कापून पिशवी शिवली. कापड मिळालं, पण आत काय भरायचं? चिंचोके भरले तर घोटा काळानिळा झाला. वाळू भरली, ती शिवणीतून गळून संपली. भाताचं तूस भरलं, तर ती वाऱ्याबरोबर शेजाऱ्यांच्या परसात. शेवटी तांदूळ भरले. आणि काय सांगू, जमलं! तांदूळ पायाला धरून बसतात, पावलाचा आकार घेतात. पिशवी पायावर पहिल्यांदा थांबली ती तांदळाची.

अन्नाला पाय लावू नये हे मला कोणी शिकवायला नको होतं. ताटातलं शीत पायाखाली आलं तरी आम्ही हात लावून कपाळाला लावणारी माणसं. मला ते पुरतं कळत होतं. म्हणून तर रोजच्या डब्यातले तांदूळ घेतले नाहीत. आईचं माप असायचं, तिला लगेच कळलं असतं. फळीवर वरती मागच्या बाजूला एक लहान पितळी डबा होता, त्यात ओंजळभर तांदूळ पडून असायचे, कधी कोणी काढताना पाहिलं नव्हतं. त्यातले घेतले. रोज खेळून झालं की पिशवीला नमस्कार करायची. चोरी, पाप आणि नमस्कार, सगळं एकाच पिशवीत.

आप्पा मागच्या पडवीतून बघत असायचे. बघता बघता त्यांच्यातला नाचणारा माणूस जागा झाला. पाय असा नव्हे गो, कमरेतून आण. वर कशाला बघतेस, पावलाकडे बघ. एक दिवस मी वैतागले आणि पिशवी त्यांच्या चांगल्या पायाकडे उडवली. बसल्या बसल्या त्यांनी ती परतवली. मग हाच उद्योग सुरू झाला. आठवडाभरानं मी मुद्दाम दुखऱ्या पायाकडे टाकली. पाय हलला नाही, पिशवी पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली. तिसऱ्या दिवशी पाय चार बोटं वर आला आणि आप्पांच्या तोंडून कळवळल्याचा आवाज आला, पण पिशवी उडाली. उडाली म्हणून ते इतके खूश झाले की दुखतंय हे विसरले.

पहिल्या वेळी त्यांनी पिशवी हातात घेऊन दाबून पाहिली होती. आत काय आहे, म्हणून विचारलं. मी म्हटलं, बारीक चिंचोके. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, झकास पुरचुंडी केल्येस. लेकीवर विश्वास ठेवणारा माणूस.

पौष गेला, माघ गेला. आप्पा उभे राहून खेळायला लागले. आधी भिंतीला धरून, मग मोकळे. कचेरीतून आले की चहाच्या आधी पुरचुंडी. शर्टाच्या खिशात घालून कचेरीतही न्यायला लागले, तिथल्या शिपायाला शिकवली म्हणे. ज्या दिवशी सलग अकरा वेळा उडवली त्या दिवशी ते जेवायला टेबलाशी गेलेच नाहीत. पाट मांडला, भिंतीला धरून हळूहळू खाली बसले, मांडी घातली. आई ताट वाढता वाढता आत निघून गेली. चुलीपाशी डोळे पुसत होती.

आणि मग गावात बोललं जाऊ लागलं, आप्पा यंदा पालखीला उभे राहणार. आप्पांनीच सांगितलं होतं की दुसऱ्या कोणी, मला ठाऊक नाही. पण मुंबईपर्यंत पत्रं गेली.

माझे पेपर सुरू झाले आणि शिमगाही. पालखीच्या तीन दिवस आधी आईनं फळीवरचा पितळी डबा खाली काढला. आमच्या घरची रीत आहे: देवीची ओटी भरली की त्यातले थोडे तांदूळ प्रसाद म्हणून घरी येतात, ते वर्षभर जपून ठेवायचे आणि पुढच्या शिमग्याला त्यातले मूठभर नव्या ओटीत मिसळायचे. मला ही रीत माहीत होती. ते तांदूळ या डब्यात असतात हे मात्र माहीत नव्हतं. ते काम आई एकटी, आंघोळ करून, कोणी उठायच्या आत करायची. त्या दिवशी मी इतिहासाच्या वाचनासाठी लवकर उठले होते म्हणून समोर बसले होते. आईनं डबा उघडला, तळाशी चार दाणे. उंदरांनी नेले की काय, म्हणाली.

मी आईला सगळं सांगितलं. ती मारेल असं वाटलं होतं. ती खाली बसली. डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "देवीला कळायचं ते कळलं. आप्पांना कळायची गरज नाही." तिचा हिशेब साधा होता. त्यांना कळलं तर ते पालखीला हात लावणार नाहीत. दहा महिन्यांनी माणूस उभा राहिलाय. गुपचूप पिशवी उसव, तांदूळ वाहत्या पाण्यात सोड, दुसरं काहीतरी भर, आणि तोंड बंद ठेव.

पण पिशवी उसवणार कशी? ती आप्पांच्या खिशातून बाहेर येत नव्हती. झोपताना उशाखाली. तीन दिवस मी त्या खिशावर डोळा ठेवून होते आणि संधी मिळाली नाही. इतिहासाच्या पेपरात काय लिहिलं देव जाणे.

पालखीच्या दिवशी सकाळी आप्पा आंघोळ करून, सोवळं म्हणावं तसं पांढरं धोतर नेसून, कमरेला उपरणं बांधून खळ्यात आले. उपास होता. चेहरा जरा उतरलेला वाटला, मला वाटलं उपासानं असेल. त्यांनी धोतराच्या कनवटीतून पुरचुंडी काढली. गुडघा जरा सैल करतो, म्हणाले, आणि पाय उचलला. देवीचं काम करायला निघालेला माणूस, देवीच्या तांदळांवर पाय उचलतोय, आणि मी बघत्येय. आईनं दारातून मला डोळ्यानं दाबलं. मला नाही जमलं.

"आप्पा, पाय लावू नका. त्यात तांदूळ आहेत. ओटीचे."

पिशवी खाली पडली. आप्पांनी वाकून उचलली, गुडघा वाकला, अगदी छान वाकला. डोळ्यांना लावली. कधीपासून, एवढंच विचारलं. पहिल्यापासून, मी म्हटलं. त्यांनी चपला घातल्या नाहीत, तसेच देवळाकडे चालू लागले.

आमच्याकडे अडचण पडली की देवीला कौल लावतात. मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि हात जोडून थांबायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यावर वाद नाही, वकिली नाही. देवळात त्या वेळी पालखी सजवणारा तात्या गुरव एकटा होता. त्यानं कळ्या लावल्या. अर्ध्या तासानं आप्पा परत आले, उपरणं सोडून दोरीवर टाकलं आणि म्हणाले, "कौल डावा आला. यंदा मी नाही."

गावानं कारण विचारलं नाही. कौलाचं कारण विचारायचं नसतं. पुढच्या दांडीला दुसरा माणूस लागला. मी सहाणेमागच्या फणसाआडून बघत होते. ताशा कडाडला, पालखी उठली, आणि आप्पा वाजंत्र्यांच्या बाजूला हात जोडून उभे होते. ताठ, दोन्ही पायांवर सारखे. ओळखीचे लोक त्यांच्याकडे बघून नजर चुकवत होते. जमीन दुभंगावी म्हणतात ना, तसं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी बीजगणिताचा पेपर होता. त्या पेपरातही मला ढोलच ऐकू येत होता.

त्यानंतर मी खेळले नाही. पिशवी आईनं पऱ्यात, वाहत्या पाण्यात, सोडली. मी दुसरी शिवली नाही. मला माझ्या पायांचीच किळस यायला लागली होती. बसले की पाय परकराखाली ओढून घ्यायची. दहावीचा निकाल लागला, पास झाले, पेढे वाटले, सगळं झालं. आप्पा माझ्याशी वाईट वागले असते तर बरं वाटलं असतं. ते नेहमीपेक्षा जास्त गोड बोलायचे आणि मला ते सहन व्हायचं नाही.

भातलावणी आटोपल्यानंतरची गोष्ट. मी अकरावीची नवी पुस्तकं लावत होते. टेबलावर एक पिशवी ठेवलेली दिसली. गोणपाट शिवायच्या दाभणानं, जाड सुतळीसारख्या दोऱ्यानं घातलेले टाके, एक लांब, एक आखूड. कापड आप्पांच्या छत्रीचं. आत भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू, गळू नये म्हणून दुहेरी अस्तर. अशी बेढब पुरचुंडी मी जन्मात पाहिली नव्हती. आप्पांच्या बोटांना तीन ठिकाणी चिंध्या बांधलेल्या. मी ती हातात घेऊन रडले. आप्पा दारात उभे होते. म्हणाले, चल बाय, गुडघा धरलाय माझा.

पुढच्या शिमग्याला आप्पा पालखीला उभे राहिले. त्यानंतर आठ वर्षं उभे राहिले.

तर ही गोष्ट मी सांगत आले. हातून मोठी चूक झाली, वडिलांना तिची किंमत मोजावी लागली, आणि त्यांनी बोटं टोचून घेत पिशवी शिवून मला माफ केलं. देवरूखला सांगितली, दाभोळला सांगितली, शिक्षकांच्या शिबिरात सांगितली. ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे. मी एवढ्या पिशव्या शिवून का वाटते याचं उत्तरही मला त्यातच सापडलं होतं. माफी मिळालेल्या माणसानं ती पुढं द्यावी, असं काहीतरी मी सांगायची. बरं वाटायचं सांगताना.

वीसेक वर्षांनी, असाच फाल्गुन. मी मुलाला घेऊन शिमग्याला गावी गेले होते. आप्पा पंचाहत्तरीचे, आई गेलेली, तात्या गुरवही गेलेला. दुपारी खळ्यात वाडीतल्या मुलांना गोळा करून मी पिशवी शिकवत होते आणि सवयीनं ती गोष्ट सांगितली. आप्पा ओटीवर बसून ऐकत होते. मुलं पांगली, मी त्यांच्यापाशी येऊन बसले. ते काजूच्या झाडाकडे बघत होते. मग म्हणाले, "सुमे, कौल उजवा पडला होता."

मला आधी कळेचना. कुठला कौल?

हळूहळू सांगितलं त्यांनी. गुडघा वाकत होता, पण वजन घेईल याची त्यांना खात्री नव्हती. एकट्यानं परसात आंब्याच्या पेटीत दगड भरून ती खांद्यावर घेऊन पाहिली होती, दोनदा पाय लटपटला. गावभर झालेलं होतं, चाकरमानी येऊन बसले होते, नाही म्हणायला तोंड नव्हतं. बसकण मारली आणि उठताच आलं नाही तर? देवी जमिनीला टेकली तर, आणि तीही त्यांच्या हातून? त्या सकाळी ते खळ्यात आले ते घाबरूनच. "आणि तू तांदूळ सांगितलेस. देवळात गेलो, तर देवीनं उजवा दिला. मी तात्याला म्हटलं, कोणाला सांगू नको. मी तुझ्या तांदळाआड लपलो गो."

मला राग आला. खरं सांगते, एवढा राग मला नवऱ्याचाही कधी आला नव्हता. पंधरा वर्षांची मुलगी मी, परकराखाली पाय लपवून बसायची, आणि हा माणूस रोज समोर बघत होता.

मग ती छत्रीच्या कापडाची पिशवी का शिवली, मी विचारलं.

"माफी मागायची होती. तोंड उघडेना," आप्पा म्हणाले. "तू खेळायची बंद झालीस, ते मला बघवेना. आणि पुढल्या वर्षी पालखीला उभा राहिलो तो काही गुडघा बरा झाला म्हणून नव्हे. पडलो तर पडलो म्हटलं."

म्हणजे मी वीस वर्षं जिला माफी म्हणत होते ती मला मिळालेली नव्हती, माझ्याकडे मागितलेली होती. आणि मी ती न समजता घेऊन बसले होते, वर सगळ्यांना आप्पांचा मोठेपणा सांगत होते. तो त्यांना दर शिमग्याला ऐकून घ्यावा लागत होता.

आप्पा उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आता खरं सांगत जा."

मला नाही जमलं ते. त्यांच्या हयातीत मी ती गोष्ट परत सांगितलीच नाही, ना खोटी ना खरी. गावात त्यांना मान होता. डाव्या कौलाला निमूट मान तुकवणारा माणूस म्हणून लोक त्यांचं नाव घ्यायचे. तो मान मी कसा काढून घेऊ? पिशव्या वाटत राहिले, नुसत्याच.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. काल गावी जाऊन आले. खळ्यात सात-आठ पोरी जमल्या होत्या, त्यांना पिशव्या दिल्या आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं, उजव्या कौलासकट. सांगताना दोनदा थांबले. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, मग बाई, तुम्ही केलंत का त्यांना माफ?

मी म्हटलं, त्या दिवशी नाही केलं. चार दिवस अबोला धरला होता मी, पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याशी. पाचव्या दिवशी सकाळी ते खळ्यात एकटेच उभे होते, पिशवी टाकायला समोर कोणी नव्हतं, म्हणून मग मी समोर गेले.